बांधणीताईची खळ

ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, वर्तमानपत्रांच्या दालनामागे एक लांबट खोली होती. फाटकी पुस्तकं तिथे दुरुस्तीला यायची. दोन मोठी टेबलं, एक लोखंडी दाबयंत्र, दोऱ्याच्या रिळांची फळी आणि कोपऱ्यात विजेची शेगडी, एवढाच तिथला पसारा. ही खोली जिच्या ताब्यात होती, तिला वाचकांपासून सफाईवाल्यांपर्यंत सगळे बांधणीताई म्हणायचे. हाताला चिवट, बोलायला मोकळी आणि अंगाने इतकी बारीक की फोटोत उभी राहिली तरी शेजारच्यामागे लपायची.

पोटाचं दुखणं तिला कित्येक वर्षांचं. जेवली की पोट ढोलासारखं फुगायचं, सकाळी घरातून निघण्याआधी संडासच्या फेऱ्या, आणि दुपारपर्यंत अंगातली सगळी शक्ती कुणी नळ उघडून सोडून दिल्यासारखी. रक्त कमी म्हणून गोळ्या झाल्या, जंत म्हणून औषध झालं, "तू फार विचार करतेस" हेही झालं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, घशातून दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढून पाहिला आणि सांगितलं, "तुला सिलिॲक नावाचा आजार आहे. गव्हातलं, जवातलं, राय नावाच्या परदेशी धान्यातलं ग्लुटेन हे प्रथिन तुझ्या आतड्याला चालत नाही. हे सगळं जन्मभर बंद. कणभरसुद्धा नाही."

ती ढसाढसा रडली. तिचा नवरा, जो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, घाबरून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. "अरे, मी दुःखाने नाही रडत," ती म्हणाली. "आजाराला नाव आहे रे! मी नाटकं करत नव्हते."

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी गल्लीत त्यांना शिट्टीबाईच म्हणत, कारण त्यांचा साधा आवाजही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पदर खोचला. त्याच संध्याकाळी घरातला गव्हाचा पाव, बिस्किटं, पिठाचा डबा, सगळं शेजारी गेलं. लाकडी चमचे आणि जुना चिरायचा पाट गेला. पाव भाजायचं यंत्रही गेलं.

"आई, तुम्ही दोघं खा की," बांधणीताई म्हणाली. "मला वेगळं भांडं पुरे आहे."

"एका मैदानावर दोन खेळ नकोत," शिट्टीबाई म्हणाल्या. "गोंधळ होतो. सगळ्यांनी भात, बटाटे, मका, अंडी. मेलेलं नाही कुणी."

सुरुवातीला खरंच फरक पडला. पोटातली कळ कमी झाली, गालांवर थोडा रंग आला. पण मग गाडी तिथेच अडली. पोट फुगायचं ते फुगायचंच. सकाळच्या फेऱ्या परत सुरू झाल्या. डोक्यात धुकं भरल्यासारखं व्हायचं. एकदा तर तिने एका जाड कोशाची पानं उलटसुलट क्रमाने शिवली आणि सगळं उसवून पुन्हा शिवावं लागलं. असं तिच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त तपासलं. "ग्लुटेनविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडं बनवतं, ती उतरायला हवी होती, ती जवळजवळ आहेत तिथेच आहेत," त्या म्हणाल्या. "कुठून तरी ग्लुटेन पोटात जातंय. नीट शोध."

त्या रात्री सगळे जेवायला बसले. नवऱ्याने घसा खाकरला. "रागावू नकोस हं. बाहेर कधी चुकून, म्हणजे अगदी एखादं बिस्किट..."

"नाही खाल्लं," ती म्हणाली.

"मग घरातच कुठे..."

त्याने वाक्य अर्धंच सोडलं, पण व्हायचं ते होऊन गेलं. शिट्टीबाईंनी ताटावर वाकलेली मान वर केली. "माझ्या स्वयंपाकघरात?"

"मी तसं नाही म्हटलं, आई."

"तसंच म्हटलंस. आणि तुझी बायको काही बोलत नाहीये, म्हणजे तिच्याही मनात तेच आहे."

बांधणीताईच्या मनात खरंच ते येऊन गेलं होतं. मिठाची बरणी, जुनी कढई, कुठल्या तरी मसाल्याची पुडी. तिने मान खाली घातली. तिला वाटलं, आता या घरात आपल्या पोटावरून भांडण पेटणार. पण शिट्टीबाई उठल्या, ताट धुतलं आणि नेहमीच्या ठसक्यात म्हणाल्या, "उद्या मी तुझ्याबरोबर येते. सकाळी घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत. काय खातेस, काय पितेस, कुठे हात लावतेस, मला बघायचंय."

"आई, मी काही शाळेतली मुलगी नाही."

"माहितीये. शाळेतल्या मुली माझं ऐकायच्या."

दुसऱ्या दिवशी त्या खरोखरच आल्या. सोबत दोघींचा डबा, पाण्याची बाटली आणि विणकामाची पिशवी. दारावरच्या काकांनी विचारलं, "बाई, कुठल्या विभागात?" त्यावर त्या म्हणाल्या, "तपासणी," आणि सरळ आत गेल्या. ग्रंथपाल, टक्कल पडलेले, अतिशय हळू बोलणारे गृहस्थ, स्वतः येऊन त्यांना खुर्ची देऊन गेले.

खिडकीशी बसून शिट्टीबाई विणत होत्या आणि चष्म्यावरून बघत होत्या. सुनेचा चहा त्यांनी स्वतः केला. हात धुतले का, विचारलं. साबणाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. बांधणीताईला आधी लाज वाटत होती, मग हसू यायला लागलं आणि मग कामाच्या नादात ती सासूला विसरलीच. एका जुन्या प्रवासवर्णनाचा कणा निखळला होता. तिने पातेलं शेगडीवर ठेवलं, पिशवीतून पांढरं पीठ घेतलं, पाण्यात उधळलं आणि ढवळायला लागली. उन्हाच्या पट्ट्यात पिठाची धूळ तरंगत राहिली.

"काय शिजतंय गं?" शिट्टीबाईंनी विचारलं.

"खळ, आई. चिकटवायला. खाण्याचं नाही ते."

"बरं."

खळ निवली. बांधणीताईने ती ब्रशने कण्यावर लावली, कडेला आलेली बोटाने सारखी केली, फडक्याला हात पुसला. मग पानं क्रमाने आहेत का ते बघायला पुस्तक उघडलं. अंगठा जिभेला लावला, पान उलटलं. परत अंगठा जिभेला, परत पान.

शिट्टीबाईंच्या सुया थांबल्या.

"ते पीठ कशाचं आहे?"

"मैदा," बांधणीताई सहज म्हणाली. आणि अंगठा ओठांपाशीच थबकला.

तिने अंगठ्याकडे पाहिलं. नखाच्या कडेला वाळलेल्या खळीची पांढरी रेघ होती. ज्यांच्याकडे ती हे काम शिकली, त्या गुरुजींचीही हीच खळ होती, हीच सवय होती. अंगठा ओला केल्याशिवाय तिला पान उलटताच यायचं नाही. घरात सगळे कणाकणाला जपत होते आणि ती इथे दिवसभर मैदा चाटत होती. तोंडाने आणि नाकानेही, कारण ती धूळ जात कुठे होती?

आता सासूबाई म्हणणार, बघितलंस, दोष माझ्या स्वयंपाकघराचा नव्हता. तिने मनाची तयारी केली. तो हक्क त्यांचा होताच.

पण शिट्टीबाई खुर्चीतून उठल्या, तिच्याजवळ आल्या, तिचा हात धरून तिला नळापाशी घेऊन गेल्या आणि लहान मुलाचे धुवावेत तसे तिचे हात धुवायला लागल्या. बोट न् बोट. "म्हणजे तू खरं बोलत होतीस," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मैदानावरचा नव्हता. "काहीच खात नव्हतीस. आणि आम्ही ताटावर बसून तुझी उलटतपासणी करत होतो."

"तुम्ही आला नसतात तर मला जन्मात कळलं नसतं, आई."

"मला तरी काय कळलं? मी फक्त बसून बघितलं."

मग त्या दोघी हसल्या. इतक्या जोरात की शेजारच्या दालनातल्या वाचकाने दारातून डोकावून "शूऽऽ" केलं.

हसणं ओसरल्यावर मात्र बांधणीताईने मैद्याच्या पिशवीचं तोंड बांधलं आणि तिला काळजी लागली. मैदा नको म्हटलं तर काम कसं करायचं? आणि ग्रंथपाल म्हणाले, जमत नसेल तर दुसऱ्या विभागात जा, तर? तिला पुस्तकं द्यायला-घ्यायला बसायचं नव्हतं. तिला याच खोलीत राहायचं होतं.

ग्रंथपालांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला. "तांदळाच्या पिठाची खळ चालेल का?" त्यांनी नेहमीसारखं हळू विचारलं. "म्हणजे पुस्तकाला आणि तुम्हाला, दोघांनाही?"

"करून बघावं लागेल."

"मग करू या. तोवर खोली बंद ठेवतो. आधी स्वच्छ होऊ दे."

सफाईवाल्यांनी फळ्या, टेबलांच्या फटी, दाबयंत्राच्या मागची जळमटं, सगळं ओल्या फडक्याने पुसून काढलं. जुने ब्रश आणि पातेलं गेलं. तांदळाची खळ शिट्टीबाईंनी घरच्या शेगडीवर करून पाहिली. पहिल्या वेळी इतक्या गुठळ्या झाल्या की नवरा म्हणाला, "आई, याने पुस्तक नाही, भिंत बांधता येईल." पुढच्या खेपांना आंच मंद ठेवली, पीठ आधी गार पाण्यात कालवलं, आणि खळ अशी गुळगुळीत झाली की बांधणीताईने ती बोटावर घेऊन उजेडात धरून पाहिली. मैद्याच्या खळीपेक्षा जरा उशिरा वाळायची, पण धरायची घट्ट.

खळ बदलली, अंगठा मात्र ऐकेना. इतक्या वर्षांचं वळण! तिने ओल्या स्पंजची वाटी टेबलावर ठेवली, तरी हात तोंडाकडेच जायचा. मग दारावरच्या काकांनी येता-जाता "अंगठा!" असं ओरडायला सुरुवात केली. त्यांचं ऐकून सफाईवाले ओरडायला लागले, आणि काही दिवसांनी वर्तमानपत्र वाचायला येणारे म्हातारे वाचकसुद्धा पानाआडून "अंगठा, ताई!" म्हणायचे. कुणीच कशासाठी ते विचारलं नाही. तिला एकदाही समजावून सांगावं लागलं नाही, याचं तिला फार बरं वाटायचं.

प्रतिपिंडं उतरायला लागली. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "पण मला अजून पुरतं बरं वाटत नाही," बांधणीताई संकोचून म्हणाली. सगळ्यांनी एवढं केल्यावर असं म्हणणं तिला कृतघ्नपणाचं वाटत होतं.

"नाहीच वाटणार इतक्यात," त्या म्हणाल्या. "आतड्याचं अस्तर भरून यायला वेळ लागतो. कुणाला महिने, कुणाला वर्षं. तोवर दूधही पचत नाही पुष्कळांना. काही दिवस दूध बंद करून बघ. मला मात्र खरं सांगत जा. सगळ्यांचं मन राखायला 'बरी आहे' म्हणू नकोस."

दूध बंद केल्यावर पोट आणखी हलकं झालं. चांगले दिवस जास्त यायला लागले, वाईट दिवस उरलेच. अशा दिवशी काय करायचं ते तिने ठरवून टाकलं: शिवणकाम बाजूला, फक्त पानं पुसायचं काम, आणि फारच झालं तर सरळ टेबलावर डोकं टेकून पडायचं. लपवायचं नाही. घरी नवरा ताटाकडे न बघता आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायला शिकला होता. "आज कुठल्या मजल्यावर?" तो विचारायचा. "तळघरात," ती म्हणायची, किंवा "गच्चीवर!" आणि तेवढ्यावर तो समजून घ्यायचा.

एका सुट्टीच्या दिवशी ग्रंथपालांनी त्या तिघांना घरी जेवायला बोलावलं. तिला बोलावणं नाकारायची इतकी सवय झाली होती की "नको" तोंडात तयारच होतं. दुसऱ्याच्या घरी जेवून तिला युगं लोटली होती. जिथे जायची तिथे स्वतःचा डबा उघडून कोपऱ्यात बसायची.

"घरात मीच स्वयंपाक करतो," ग्रंथपाल म्हणाले. "नवं पातेलं आणलंय. चमचा आणि पाटही नवा. तुमच्या सासूबाईंना फोन करून सगळं विचारून घेतलंय. त्यांनी माझी दोनदा परीक्षा घेतली. पहिल्या वेळी मी नापास झालो."

त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलाशी ती बसली तेव्हा तिचा हात क्षणभर ताटावर थांबला. भात होता, भाजलेले बटाटे होते, मासा होता, आणि ग्रंथपालांनी प्रत्येक जिन्नस कशात केला, कशाने ढवळला, ते आपल्या हळू आवाजात एकेक करून सांगितलं. तिने पहिला घास घेतला. मग दुसरा. ते जेवण रोजच्यासारखंच होतं, फक्त दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या घरात, तिच्यासाठी केलेलं. तिने पुन्हा भात मागितला.

जेवण झाल्यावर तिचं पोट जरा फुगलंच. जेवणाचा दोष नव्हता. ते अजून तसंच वागायचं, आपल्या लहरीप्रमाणे. एरवी ती न्हाणीघरात जाऊन कमरेची नाडी सैल करून हसरा चेहरा लावून परत आली असती. आज ती म्हणाली, "मी जरा आडवी होऊ का?"

"आत कशाला, इथेच पडा," ग्रंथपालांच्या बायकोने कोचावरच्या उशा बाजूला केल्या आणि अंगावर शाल टाकली. कुणी काळजीने भोवती जमलं नाही, कुणी आवाज हळू केला नाही. लंगडी शिकवणं किती अवघड असतं ते शिट्टीबाई ग्रंथपालांना सांगत होत्या, नवरा टेबल आवरत होता, स्वयंपाकघरात नळ वाहत होता. ती डोळे मिटून ते सगळं ऐकत पडली. पोटात दुखत होतं, थोडंसं. आणि तिला वाटत होतं की या सगळ्यांनी असंच बोलत राहावं, संध्याकाळ होईपर्यंत.