मधलीची चिठ्ठी आणि मी

मी एक जुना सूचनाफलक आहे. मला एकदा एक चिठ्ठी आली होती आणि तिचे उत्तर मी दिले नाही. देऊ शकलो नाही, असे म्हणणे जास्त बरोबर होईल, कारण मला हात नाहीत. पण मित्रांनो, ज्याला उत्तर येतच नव्हते त्याने हातांचे निमित्त सांगू नये, असेही मला वाटते.

माझे आयुष्य सांगण्यासारखे आहे की नाही, याची मला खात्री नाही. फलकाचे काम दुसऱ्यांचे सांगणे दाखवण्याचे. स्वतःचे सांगायची वेळ आली की अवघडल्यासारखे होते. तरी सांगतो. कंटाळा आला तर खुशाल पुढे चालू लागा. माझ्यासमोरून माणसे तशीच जातात.

एका सुताराने मला घडवले. चौकट सागाची आणि अंगावर हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड. तो बनात ताणून बारीक खिळे ठोकत होता, तेव्हा त्याची बायको दारातून म्हणाली, "अहो, अजून ताणा. पोट सुटल्यासारखं दिसतंय." माझ्याविषयी कुणी बोललेले ते पहिले वाक्य. तेव्हापासून मी जरा अंग चोरूनच असतो.

मला एका शाळेच्या लांब ओवरीत लावले. एका बाजूला ऑफिसचे दार, दुसऱ्या बाजूला पाण्याचे नळ. त्यामुळे माझ्यासमोर थांबणारी मुले एकतर घाबरलेली असत, नाहीतर तहानलेली. परीक्षेची वेळापत्रके लागली, सहलीच्या सूचना लागल्या. "डबा सापडला आहे. झाकण सापडलेले नाही," अशीही एक चिठ्ठी वर्षभर होती. शिपाईकाका रोज सकाळी फडके मारत आणि म्हणत, "शाळेचं तोंड आहेस तू, चमकायला नको?" ते माझे कौतुकाचे दिवस.

सगळ्यात मोठा मान वर्षातून एकदा मिळे. निकालानंतर पहिल्या दहा मुलांचे फोटो माझ्या छातीवर लागत आणि प्रत्येक फोटोखाली, ते मूल कोणत्या कॉलेजात गेले, हे ठळक अक्षरांत लिहिले जाई. कॉलेजे तीनच असत. टेकडीवरचे, घड्याळाच्या मनोऱ्याचे आणि नदीपलीकडचे. दहा हुशार मुले दरवर्षी या तिघांत वाटली जात. हेडसर दूर उभे राहून फोटो सरळ लागलेत का ते पाहत.

समोरच्या खिडकीतून ऊन येई. हळूहळू माझी बनात विटत गेली, पण फोटोंच्या खाली ऊन पोचत नसे. तिथे दहा चौकोन गडद हिरवे राहिले. मुले म्हणत, "आजोबांचे दात बघा!"

आणि मग ती चिठ्ठी आली. उजव्या खालच्या कोपऱ्यात, निळ्या मण्याच्या टाचणीने टोचलेली.

"प्रिय बोर्डआजोबा, मला छप्पन्न टक्के आहेत. तुमच्यावर तीनच कॉलेजं आहेत. तिन्हीकडे अर्ज केला. तिन्हीकडून नाही आलं. आता मी कुठे जाऊ?"

दुपारपर्यंत कुणीतरी खाली पेन्सिलीने लिहून ठेवले, "घरी."

पोरे खिदळत होती. मला तिला काहीतरी सांगायचे होते. पण काय सांगणार? मला तीनच नावे ठाऊक होती.

भूगोलाच्या बाई नळावर पाणी प्यायला आल्या. चष्मा कपाळावर चढवून चष्माच शोधणाऱ्या या बाई. त्यांनी चिठ्ठी वाचली, टाचणीचा मणी बोटाने फिरवला आणि वळून हाक मारली, "मधले! ही तुमच्या दुकानातली टाचणी आहे. इकडे ये."

मधली आली. तिचे खरे नाव हजेरीत होते. पण शिंप्याच्या तीन मुलींतली ती मधली, बसायची मधल्या बाकावर आणि गुणही मधलेच, म्हणून सगळी शाळा तिला मधलीच म्हणे.

"त्या तिन्ही कॉलेजांत काय शिकवतात, ते पाहिलंस?"

"नाही, बाई."

"मग अर्ज तिथेच का केलेस?"

"बोर्डावर तीच आहेत ना!"

बाई हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, भिंतीला खिळलेल्याला तोंड लपवता येत नाही. दरवर्षी शाळेतून काही दहाच मुले बाहेर पडत नव्हती. बाकीचीही कुठेकुठे जात होती, शिकत होती. पण ती कुठे गेली हे माझ्यावर कधी लागलेच नाही. म्हणून वर्गातली निम्मी मुले त्याच तीन दारांवर धडका देत आणि कपाळ चोळत परत येत.

"आता घरी काय म्हणतात?" बाईंनी विचारले.

"बाबा म्हणतात, यंदा नाही जमलं तर दुकानात बस. मागून धाकटीचं शिक्षण आहेच." मधली टाचणीकडे बघत म्हणाली, "एकदा काजं-बटणं करायला बसले की मग उठवणार कोण, बाई?"

"अजून सगळी दारं लागलेली नाहीत. बऱ्याच कॉलेजांचे अर्ज चालू आहेत."

"पण ती कॉलेजं कुणाला माहीत नाहीत."

"तुला माहीत नाहीत. कॉलेजला स्वतःचा पत्ता ठाऊक असतो, आपण विचारायचं. चल, हात वर कर."

मधलीने गोंधळून हात वर केला. तळवा पोचला तिथे बाईंनी खडूने माझ्या अंगावर रेघ मारली. "आता टाचा उंच कर." दुसरी रेघ. "आता मार उडी." तिसरी.

"तू तिन्ही अर्ज वरच्या रेघेवर केलेस. उडीचं एक असू दे, हरकत नाही. दोन-तीन टाचांची शोध. एक-दोन हाताची. आणि हाताचं म्हणजे टाकाऊ नव्हे हं! जिथे जायची लाजच वाटेल, ते इथे लावायचंच नाही."

तेवढ्यात हेडसर आले. "बाई, बोर्डावर रेघा?"

"उंची मोजतेय, सर."

"कुणाची?"

"कॉलेजांची."

"ही जागा गुणवंतांची आहे."

"वरची सगळी त्यांचीच राहू द्या. मला हा खालचा कोपरा द्या, जिथे 'घरी' लिहिलंय तो."

सरांनी वाकून वाचले. त्यांचा चेहरा उतरला. "हे कुणी लिहिलं?"

"ते शोधत बसण्यापेक्षा खोडू या."

सरांनी खिशातून स्वतःचा खोडरबर काढला. रेघा मात्र तशाच राहिल्या.

मग माझ्यासमोर जे सुरू झाले, ते मी आयुष्यात पाहिले नव्हते. बाईंनी मधलीला आधी कॉलेजचे नाव विचारलेच नाही. "कशात हात रमतो?" असे विचारले. मधलीने आधी आपल्या बाहीची कड चाचपली. मग म्हणाली, "रंगात. म्हणजे चित्रं नाही, कापडाच्या रंगात. थोरलीचे कपडे मला येतात ना, विटलेले. मी ते परत रंगवते. पहिला फ्रॉक असा डागाळला की आई म्हणाली, गाय व्यालीय का गं अंगावर! आता नाही डागाळत."

हा धागा धरून ती शोधू लागली. कापडाचे रसायन कुठे शिकवतात? मागच्या वर्षी सगळ्यात कमी गुणांचे मूल किती गुणांवर घेतले? नुसते गुण पाहतात की हातचे कामही पाहतात? राहायची सोय आहे का? प्रत्येक कॉलेजच्या ऑफिसला तिने विचारले आणि उत्तर येईल तशी एकेक चिठ्ठी माझ्यावर, आपापल्या रेघेवर, लावली. बघता बघता मधल्या गुणांची इतर मुलेही कोपऱ्यात जमू लागली. शाळेच्या गोलकीपरने त्याच्या साऱ्या चिठ्ठ्या हाताच्या रेघेवर लावल्या.

"उडीचं एकही नाही?" बाई म्हणाल्या.

"उडी मी मैदानावरच मारतो, बाई."

"मग तिथे काय जमिनीवरचेच गोल अडवतोस?" त्याने मुकाट्याने एक चिठ्ठी वर लावली.

अर्जात स्वतःविषयी पानभर लिहायचे होते. मधलीने लिहून आणले. बाईंनी माझ्यासमोरच मोठ्याने वाचले, "'लहानपणापासूनच मला समाजसेवेची तळमळ आहे.' काय गं, कॉलेजला चाललीस की निवडणुकीला?"

"असंच लिहितात ना?"

"ज्यांच्याकडे डागाळलेला फ्रॉक नसतो, ते लिहितात. तुझा फ्रॉक कुठाय यात?"

दुसऱ्या दिवशी पानात फ्रॉक आला. डाग का पडले, पाणी किती तापवले, मीठ कधी घातले, सगळे आले. मी इतके कागद अंगावर वागवले, पण एवढे खरे पान मला आठवत नाही.

अडचण घरची होती. एके दिवशी तिचे बाबा आले, गळ्यात टेप तसाच. त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या. टाचांच्या रेघेवर, एका लहान गावातल्या कापड-रसायनाच्या कॉलेजपाशी थांबले. "बाई, हे नाव मी जन्मात ऐकलेलं नाही. गिऱ्हाईक विचारेल, मुलगी कुठे असते, तर सांगू काय?"

"गिऱ्हाईक आलं की तुम्ही आधी काय करता, दादा?"

"माप घेतो."

"का? शेजाऱ्याचा चांगला सदरा असतो की. त्याच मापाचा शिवून द्यायचा."

"अहो, अंगावर बसायला नको का..." म्हणता म्हणता ते थांबले. टेप हातात घेऊन गुंडाळू लागले. "बाई, तुम्ही मला माझ्याच कात्रीनं कापलंत."

अर्ज गेले. उडीच्या कॉलेजकडून नकार आला. हाताच्या एकाकडून होकार आला. पण मधलीचा जीव टाचांच्या रेघेवर अडकला होता. तिथे मुलाखतीला बोलावले. ती परत आली आणि पाणीही न पिता बाईंना सांगू लागली, "त्यांनी विचारलं, रसायनात एवढे कमी का? मी म्हटलं, लिहिताना घाबरते, करताना नाही. तर म्हणाले, मग करून दाखव. आणि एक डागाळलेलं कापड दिलं, बाई! डागाळलेलंच!"

"मग?"

"मग काय. आईची गाय आठवली, आणि केलं."

होकाराचे पत्र आले, त्या दिवशी ती ओवरीतून धावत आली. पत्र लावायचे होते टाचांच्या रेघेवर. पण आनंदाने तिने अशी उडी मारली की ते लागले उडीच्या रेघेच्याही वर, थेट फोटोंच्या रांगेत. टाचणी वाकली. हेडसर ऑफिसच्या दारात उभे होते. मी घाबरलो. सर पुढे आले, त्यांनी वाकडी टाचणी काढून नवी लावली आणि दूर उभे राहून पत्र सरळ लागले आहे का ते पाहिले. तिच्या मागोमाग पोचलेले बाबा म्हणाले, "आता गिऱ्हाइकाला सांगतो. आधी ते नाव नीट म्हणायला शिकव."

मित्रांनो, दिवस सारखे नसतात. बाई आणि हेडसर निवृत्त झाले. शाळेच्या दारात सूचना झळकवणारा विजेचा पडदा आला. मला उतरवून प्रयोगशाळेच्या कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून उभे केले. मधलीची पहिली चिठ्ठी तेवढी कोपऱ्यात टोचलेली राहिली. मी तीच मनात वाचत असे, आणि वाटे, हिला मी काही सांगितले नाही ते नाहीच.

एक दिवस ओळखीचा आवाज आला. "बोर्डआजोबा कुठे आहेत?"

मधली आली होती. शिक्षण पुरे करून ती आता एका कापडगिरणीत रंगांचे काम पाहत होती. तिने मला उजेडात घेतले, धूळ झटकली आणि माझ्या गडद चौकोनांवर बोट ठेवले. "तुमचा खरा रंग इथे जपलाय की." त्या रंगाशी जुळवून तिने स्वतः नवी बनात रंगवली. ती ताणून ठोकताना गोलकीपरने दुसरी बाजू धरली होती. तो आता मुलांना खेळ शिकवतो. "ताण अजून," ती म्हणाली, "पोट सुटलंय त्यांचं." पहिल्यांदाच ते ऐकून मला हसू आले. आता अंगभर एकच हिरवा रंग आहे. दात नाहीत.

मला पुन्हा ओवरीत लावले आहे. माझी एवढीच विनंती आहे. फलकावर फडके मारा, वाकडी टाचणी सरळ करा. आणि त्यावर कोण आहे ते वाचून झाले की, कोण नाही तेही एकदा पाहा. तीही मुले कुठेतरी पोचलेली असतात. त्यांना विचारा.

मला लावून सगळे गेल्यावर मधलीने एक मोठा नकाशा उलगडून माझ्यावर लावला. त्यावर तिच्या वर्गातल्या एकूण एक मुलाचे नाव होते. कोण कुठे शिकायला गेले, काय शिकले, किती गुणांवर घेतले, सारे होते. दहा हुशार होते, आणि उरलेलेही सगळे होते. शेजारी तिने आपली जुनी चिठ्ठी धरली. "आता मी कुठे जाऊ?" या ओळीखाली, जिथे खोडलेले "घरी" अजून पुसट दिसत होते, तिने लिहिले, "इथे बघ. तुझे, बोर्डआजोबा."

मग धाकट्यांनाही वाचता येईल अशा बेताने, पूर्वी हाताची रेघ होती तिच्याही जरा खाली, निळ्या मण्याच्या टाचणीने तिने माझे उत्तर लावले.