डावा सात, उजवा सहा

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो, आणि तोही डावा. आपली कहाणी सांगायला खरे तर जोडीने यायला हवे. पण माझा उजवा सोबती बोलतो कमी, आणि बोललाच तर नाकाने कांदे सोलतो. म्हणून ही हकीकत मी एकटाच सांगतो. तुम्ही ती ऐका आणि जमले तर ऐकता ऐकता आपल्या पायांकडे एकदा बघा.

एका अरुंद गल्लीतल्या लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे एक मास्तर होते. बोटे जाडजूड, पण सुई अशी चालवायचे की टाका शोधून सापडू नये. त्यांनी मला लाकडी पायावर दोन दिवस ताणून ठेवले. बोटांवरच्या कातड्याला बारीक जाळी पाडली, म्हणजे उन्हाळ्यात आत वारा खेळावा. टाच दोनच बोटे उंच ठेवली, आत मऊ गादी घातली, घोट्याला नाजूक पट्टा आणि पितळी बक्कल लावले. वर रंग दिला मोरपंखी. मला हातावर तोलून मास्तर म्हणाले, "हा बूट लग्नात मिरवेल आणि वेळ पडली तर धावून गाडीही पकडेल." तेव्हापासून माझी मान जरा ताठच आहे.

आमची वाट लावली ती खोकी भरणाऱ्याने. त्याला सगळे गुणगुण्या म्हणत, कारण तो गाण्याच्या तालावर काम करी. सूर धरला की डावा बूट खोक्यात, सूर सोडला की उजवा. हजारो जोड त्याने असे भरले आणि एकदाही चूक केली नाही. त्या दिवशी शेवटचे दोनच जोड उरले होते, एक सहा नंबरचा आणि एक सात नंबरचा. ऐन सुरात गुणगुण्याला शिंक आली. ताल चुकला आणि मी सात नंबरचा डावा, सहा नंबरच्या उजव्याशेजारी जाऊन पडलो. माझा खरा जोडीदार, सात नंबरचा उजवा, समोरच्या खोक्यात गेला. झाकण बंद होताना मी त्याला शेवटचे पाहिले.

दुकानात पोचल्यावर पहिल्याच गिऱ्हाइकाच्या पायात आमचे बिंग फुटले. मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. परत पाठवावे, तर तोवर कारखाना बंद झाला होता आणि मास्तर लेकाकडे राहायला गेले होते. बाईंनी झाकणावर जाड अक्षरात लिहिले, "जोडी चुकली", आणि खोके सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवले. तिथे आम्ही सहा उन्हाळे धूळ खात पडलो. पायातली वहाण पायातच बरी, असे लोक म्हणतात. पण आधी पायात जायला तर मिळाले पाहिजे!

खोक्याचा एक कोपरा फाटला होता. त्यातून मी दुकान बघत असे. लोक बूट घेताना आरशाला विचारतात, पायाला विचारतच नाहीत. लग्नसराईत तर विचारूच नका. बसल्या बसल्या पाय पुढे करायचा, मान तिरपी करून बघायचे आणि "छान आहे, द्या" म्हणायचे. लग्नाच्या दिवशी काय झाले ते सांगायला कुणी परत येत नसे, पण मालकीणबाईंना ते ठाऊक असे.

सातव्या उन्हाळ्यात एका सकाळी तिघीजणी दुकानात आल्या. एक होत्या टपालबाई. एकतीस वर्षे दारोदार टपाल वाटून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. सोबत त्यांची लेक होती, तिचे लग्न आठ दिवसांवर आले होते. आणि लेकीची मावशी होती, टपालबाईंची थोरली बहीण. मावशी म्हणजे पायापासून डोक्यापर्यंत टापटीप. आल्या आल्या तिने दोन चंदेरी, उंच टाचेचे जोड काढायला लावले. एक आपल्याला, एक धाकट्या बहिणीला.

टपालबाईंनी ते बूट बघितले आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"अक्का, मागचं आठवतं ना?" त्या म्हणाल्या.

मागचे म्हणजे मावशीच्या मुलाचे लग्न. तेव्हा टपालबाईंनी मावशीचेच बूट घातले होते. दुपारपर्यंत पायांना असे फोड आले की त्या अनवाणी एका खोलीत जाऊन बसल्या, आणि फोटोत त्यांची फक्त रिकामी खुर्ची आली. घरात अजून त्यावरून हसतात. टपालबाईही हसत, पण ते हसणे डोळ्यांपर्यंत पोचत नसे.

"म्हणून तर म्हणते," मावशी म्हणाली, "फाटकापासून हॉलपर्यंत पोरीबरोबर मी जाते. दारात पाहुण्यांना पण मीच बघते. तू आपली छान बसून राहा. किती चालणार अजून? जन्मभर चाललीसच की."

मावशीच्या मनात काही वाईट नव्हते, मित्रांनो. पण टपालबाईंचा चेहरा उतरला. लेकीचे वडील ती लहान असतानाच गेले होते. तिचे बोट धरून शाळेत नेणाऱ्या त्याच, तापात रात्र काढणाऱ्याही त्याच. आणि आता त्या एवढ्याशा वाटेवर लेकीचा हात दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा?

"माझ्याबरोबर आईच येणार," लेक म्हणाली. "टपालाचे काळे बूट घालून आली तरी चालेल."

"ते घालून? लग्नात?" मावशीने डोळे मिटून घेतले.

मालकीणबाई एवढा वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "हे बघा, उन्हाळ्यातल्या लग्नाचे बूट सकाळी घ्यायचे नसतात. गार वेळी पाय शहाण्यासारखा वागतो, दुपारी फुगतो. चार वाजता या. आणि रिक्षाने नको, चालत या."

मावशीने ऐकले नाही. तिने आपला चंदेरी जोड तिथेच बांधून घेतला. टपालबाई मात्र चारला घामाघूम होऊन हजर झाल्या, मागोमाग लेक आणि मावशीही. मग एकामागून एक बारा खोकी उघडली गेली. उजव्या पायाला बसेल तो बूट डाव्याला चावे, आणि डाव्याला बसेल तो उजव्यातून निसटून जाई. टाचेत कापूस भरून पाहिला, तो चौथ्या पावलाला बाहेर आला. शेवटी मालकीणबाईंनी दोन्ही पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखले. डावा पाय चांगला एक नंबर मोठा निघाला! एकतीस वर्षे टपालाची थैली डाव्या खांद्यावर, सगळा भार डाव्या पायावर. तो पसरला नसता तरच नवल.

"दोन जोड घे आणि एकेक वापर," मावशी म्हणाली.

"आणि उरलेले दोन नवेकोरे बूट फेकून देऊ? मला नाही जमायचं ते," टपालबाई म्हणाल्या. त्यांनी आपले काळे बूट जवळ ओढले. "जाऊ दे अक्का. तूच जा तिच्याबरोबर."

लेकीने आईचा हात घट्ट धरला. आणि मी, त्या वरच्या फळीवर, जीव तोडून ओरडत होतो, "अहो, इकडे! वर बघा!" पण बुटाचे ओरडणे कुणाला ऐकू येते?

मालकीणबाई कागदावरची ती दोन पावले बघत उभ्या होत्या. एकदम त्यांनी शिडी ओढली. खोके खाली आले, धूळ उडाली, मावशी शिंकली. एका शिंकेने मला वर चढवले होते आणि खाली उतरलो तेही शिंकेनेच.

"जरा संकोच वाटतो दाखवायला," मालकीणबाई म्हणाल्या. "चुकीचा जोड आहे हा. डावा सात, उजवा सहा."

टपालबाईंनी झाकणावरची अक्षरे वाचली. "अहो, पत्ता चुकलेलं टपाल आम्ही फेकून देत नाही," त्या म्हणाल्या. "फिरवत राहतो. कुणाचं तरी असतंच ते."

आणि त्यांनी पाय आत घातला. काय सांगू तुम्हाला! सहा वर्षे मी हवेला धरून बसलो होतो, आणि आता टाच टाचेला, बोटे जाळीला, सगळे जिथल्या तिथे. उजव्याने तर पहिल्यांदाच तोंड उघडले आणि म्हणाला, "अच्छा, म्हणजे हे असं असतं."

"बसून पसंत करू नका," मालकीणबाई म्हणाल्या. "कोपऱ्यापर्यंत चालून या."

टपालबाई बाहेर पडल्या. पाच मिनिटे झाली, दहा झाली, वीस झाली. पुढे कळले की मावशी दुकानाच्या दारात येरझाऱ्या घालत होती आणि म्हणत होती, "बूट घेऊन पळाली की काय ही!" पळाली नव्हती. कोपऱ्यावर पोचल्यावर टपालबाईंच्या पायांनी आपोआप जुनी वाट धरली होती. फरसबंदी, उतार, दवाखान्याच्या सात पायऱ्या, शाळेमागचा खडीचा रस्ता, असा अर्धा मोहल्ला पालथा घालून आम्ही परत आलो. त्यांनी मला उतरवले आणि सगळ्यांना टाच दाखवली. लाल ठिपकासुद्धा नव्हता.

"हेच," त्या म्हणाल्या. लेकीने दुकानातच आईला मिठी मारली.

मालकीणबाईंनी आमचे तळवे गुळगुळीत फरशीवर घसरू नयेत म्हणून खरकागदाने जरा घासून दिले. पुढचे आठ दिवस टपालबाई रोज संध्याकाळी तासभर आम्हाला घालून घरात वावरल्या. कपडे वाळत घातले, पाहुण्यांसाठी गाद्या काढल्या, लेकीची बॅग भरली. आम्ही त्यांना ओळखू लागलो, त्या आम्हाला.

लग्नाचा दिवस उजाडला तोच तापलेला. बाराच्या उन्हात हॉलच्या फाटकाशी मावशी चंदेरी बुटांत तयार उभी होती. "दमलीस तर सांग हं, मी आहेच," ती म्हणाली. टपालबाईंनी लेकीचा हात आपल्या हातात घेतला. समोर आधी खडी होती, मग हिरवळ, मग पायऱ्या. टपालबाई सवयीने पावले मोजत होत्या, मला ऐकू येत होते. एकशे अठरा. एकही अडखळले नाही. शेवटच्या पायरीवर लेक हळूच म्हणाली, "आई, तू तर माझ्यापेक्षा भराभर चालतेस." मोरपंखी रंगावर वरून दोन थेंब पडले. ते घामाचे नव्हते, एवढे मी खात्रीने सांगतो.

मागे मावशीची टाच हिरवळीत रुतून बसली होती. ती उपटून काढायला दोन पाहुणे लागले.

मग टपालबाई दारात उभ्या राहिल्या. बारापासून चारपर्यंत. त्या पाहुण्यांना हात धरून आत नेत होत्या, म्हाताऱ्यांना पायऱ्या चढवत होत्या, जुन्या वाटेवरच्या माणसांना घर क्रमांकासकट ओळखत होत्या. बाया त्यांच्या साडी-दागिन्यांकडे न बघता आमच्याकडेच बघत आणि विचारत, "कुठून घेतले हो?" चार वाजता फोटोवाला आला. त्याने सवयीने एक खुर्ची पुढे ओढली.

"काकू, तुम्ही बसा ना."

टपालबाईंनी मागे पाहिले. मावशी भिंतीला टेकून एका पायावर उभी होती आणि चंदेरी बूट तिच्या हातात होते.

"ती खुर्ची आमच्या अक्काला दे," टपालबाई म्हणाल्या. "मी उभीच बरी."

सगळे हसले. मावशी सगळ्यांत मोठ्याने हसली, आणि बसता बसता धाकट्या बहिणीचा हात दाबून म्हणाली, "जिंकलीस बाई!" तो फोटो आज टपालबाईंच्या भिंतीवर आहे. मधोमध त्या उभ्या आहेत, पायाशी आम्ही दोघे चमकतो आहोत.

त्यानंतर टपालबाईंनी एक काम केले. मास्तरांचा माल ज्या दुकानांत जायचा, त्या सगळ्या दुकानांना त्यांनी कार्डे लिहून विचारले, आमच्या उलटा चुकलेला जोड कुणाकडे पडून आहे का. एका दुकानातून उत्तर आले. "डावा सहा, उजवा सात, आमच्याकडे आहे. खोक्यात खिळे ठेवतो आणि बूट मागच्या खोलीत पडलेत." टपालबाईंनी त्या दुकानदाराला काचेवर पाटी लावायला सांगितली, "उजवा पाय मोठा असलेल्या बाईंनी आत विचारावे." चार महिन्यांनी एक शिवणकाम करणारी बाई आत गेली. जन्मभर मशीन चालवून तिचा उजवा पाय पसरला होता. पुढे एकदा ती आभार मानायला आली, तेव्हा तिने दारातल्या पायपुसण्यावर बूट काढले, माझ्या अगदी शेजारी. माझा खरा जोडीदार! घटकाभर आम्ही दोघे सात नंबर एकमेकांना टेकून बसलो. मग तो आपल्या पायात गेला आणि मी माझ्या. दोघांनाही परत खोक्यात एकत्र जावेसे वाटले नाही.

आता माझा तळ तिसऱ्यांदा बदलला आहे, जाळीचे दोन टाके उसवले आहेत. टपालबाई मला ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवतात, म्हणून मी टिकलो. मित्रांनो, तुम्हीही आपल्या बुटांना एवढे द्या. नवे घ्यायला जाल तेव्हा दुपारी जा, दोन्ही पाय मोजा आणि आरशापेक्षा रस्त्याला विचारा. आणि कुणाच्या झाकणावर "चुकली" असे लिहिण्याआधी जरा थांबा.

आमच्या खोक्यावर ती अक्षरे अजून आहेत. लेक ती खोडायला निघाली होती, पण टपालबाईंनी तिला अडवले. त्यांनी खाली फक्त एक ओळ लिहिली, पूर्वी उशिरा पोचलेल्या पत्रांवर लिहीत तशी: "पोचली."