माझ्या तोंडी घातलेली माफी

मी एक जुनं कासव आहे. खरं तर म्हातारी मादी. ‘मित्रांनो’ म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. आपली मैत्री अजून झालेली नाही.

माझा जन्म या तळ्याच्या उतरत्या काठावरचा. आईला मी कधी पाहिलं नाही, आमच्यात तशी रीतच नाही. तिनं ओल्या मातीत अंडी पुरली आणि ती पाण्यात निघून गेली. ती माती मात्र माझ्या चांगल्या ओळखीची. पुढं मीही दर वर्षी तिथंच अंडी घातली. तेव्हा तळ्यात भरपूर चिखल होता, लव्हाळी होती, गोगलगायी होत्या, संध्याकाळी पाण्यावर चतुर उडायचे. वास यायचा. येणारच! जिवंत पाण्याला वास असतो.

मग काठावरच्या घरातली धाकटी सून कादंबरी लिहायला बसली. निसर्गावर. हल्ली तशाच खपतात, असं तिची मोठी जाऊ म्हणे. नवं प्रकरण झालं की धाकटी पायरीवर बसून ते मोठ्यानं वाचायची. ऐकायला दोघीच: भाजी निवडणारी जाऊ आणि पाण्यातून नाक वर काढलेली मी. ती गोष्ट एक कासव सांगत होतं. सगळ्या जिवांचा हक्क सारखा, असं ते म्हणायचं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? शेवटच्या प्रकरणात मात्र त्या कासवानं माणसांना माफ करून टाकलं.

“हिला विचारलंस का?” जावेनं हातातला देठ माझ्याकडे रोखला.

“काहीतरीच काय, जाऊबाई! वाचकांना शेवट गोड लागतो.”

पुस्तक गाजलं. बक्षीस मिळालं. वाचक ‘ते तळं’ बघायला येऊ लागले आणि नाकाला रुमाल लावून परत जाऊ लागले. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं गवंडी बोलावला. चिखल उपसला, लव्हाळी उपटली आणि चहूबाजूंनी सिमेंटचा काठ बांधून घेतला. उभा, गुळगुळीत.

“अगं, ती वर कशी येणार?” जाऊ म्हणाली.

“वर कशाला यायचंय तिला? खायला आपण घालू की.”

मनानं वाईट नाही ती. म्हणूनच राग जास्त येतो. सगळ्या जीवसृष्टीवर पानंच्या पानं लिहिली, पण मी अंडी कुठं घालते ते बाईनं एकदाही वाकून पाहिलं नाही.

त्या वर्षी मी भिंतीला नखं घासत फिरले. नखं झिजली. शेवटी अंडी पाण्यातच सुटली आणि तळाशी पडून नासली. धाकटीला ते पांढरे गोटे वाटले. “किती छान दिसतात!” म्हणाली.

परवा फोटो काढणारा आला. धाकटीनं एका हातात पुस्तक धरलं, दुसरा हात पाण्यात सोडला आणि शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. “माणसांनो, मी तुम्हाला माफ...” एवढं झालं आणि मी तिचं बोट पकडलं. लवकर सोडलंही नाही.

“आई गं! जाऊबाई, चावली! ही कधी चावत नाही हो!”

“पुस्तकातली चावत नसेल,” जाऊ बोट सोडवत म्हणाली. “ही तळ्यातली आहे.”

तो फोटो कुणी छापला नाही.

आता धाकटीच्या बोटाला पट्टी आहे आणि माझ्या पोटात पुन्हा अंडी आहेत. जाऊ रोज काठावर पाय आपटून सांगते, “इथून फोड.” धाकटी म्हणते, “पाहुणे येऊन जाऊ देत, मग बघू.” अंडी पाहुण्यांसाठी थांबत नाहीत.

तेव्हा मित्रांनो, माझ्यावर प्रेम करा असं मी सांगणार नाही. ही भिंत प्रेमानंच बांधली आहे. नवी गोष्टही नको. काठाचा हातभर तुकडा फोडा, मागची माती मोकळी करा आणि बाजूला व्हा. माफीचं नंतर बघू.

तोवर पाण्यात बोट घालू नका.