डाव्या हाताची सवय

स्वयंपाकघरात ‘टुंईं’ वाजलं, आणि अर्धा तास थोपटून झोपवलेली माझी लेक टक्क डोळे उघडून उठून बसली.

“आजोबांची सायकल जेवली!”

ओट्यावर, पिठाच्या डब्याला टेकून बॅटरी चार्ज होत होती. पाठोपाठ माझे बाबा चोरासारखे चवड्यांवर चालत आत आले.

“बाबा, ही शेडमध्ये चार्ज करा म्हटलं होतं ना?”

“शेडमध्ये माझी गाडी आहे. तिच्यासमोर नको वाटतं गं.”

गाडी म्हणजे बाबांची डर्ट बाइक. गल्लीत त्यांना सगळे किकमास्तर म्हणतात. कुणाचीही रुसलेली मोटारसायकल ते एका किकमध्ये चालू करून देतात. पण त्यांचा जीव डोंगरातल्या वाटेवर. दर रविवारी गाडीवरून वर जायचं, आडवी पडलेली झाडं कापून बाजूला करायची, पुसट झालेल्या खुणा रंगवायच्या, चुकलेल्यांना खाली आणायचं. तीस वर्षं हे काम त्यांचं. मागच्या महिन्यात वनखात्याने नियम काढला, की फाटकाच्या वर पेट्रोलचं इंजिन न्यायचं नाही. जायचं तर बॅटरीच्या सायकलवर. नव्या अधिकारी मॅडमनी सायकल पाठवली, आठ दिवस दिले आणि स्वच्छ सांगितलं, “पाय न टेकता नाकाडी चढून दाखवा. जमलं तर वाट तुमचीच. नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल.” नाकाडी म्हणजे फाटकासमोरची सगळ्यात उभी चढण. आज चार वाजता परीक्षा होती.

आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

“मोटर आहे, तरी पाय मारायचेच!” बाबा कुरकुरायचे. “म्हणजे भांड्यांना बाई लावायची आणि भांडी आपणच घासायची.”

“पण पडली तर एकट्याला उचलता तरी येते. तुमची ती शंभर किलोंची महाराणी मागच्या वर्षी पायावर पडली, तेव्हा काय केलंत?”

“तासभर पडून राहिलो. तेवढाच आराम.”

खरी अडचण वेगळीच होती. डर्ट बाइकला डाव्या हाताशी क्लच असतो. चढ आला की डावा हात तो दाबतो आणि पाय गिअर बदलतो. तीस वर्षांत बाबांच्या हाताला हे डोक्याला न विचारता करायची सवय लागलेली. सायकलला नेमका तिथेच ब्रेक. चढ दिसला रे दिसला, की बाबा तो जीव खाऊन दाबणार, सायकल जागच्या जागी थांबणार आणि बाबा आडवे होणार. आठ दिवसांत शेजारच्या काकूंच्या तीन कुंड्या गेल्या. एकदा तर स्वतः काकू जाता जाता राहिल्या.

“किकमास्तर, आता मीच हेल्मेट घालून झाडांना पाणी घालते!” त्या कुंपणावरून ओरडल्या.

निघायच्या आधी बाबा औषधांच्या डब्यातली पट्टी घेऊन माझ्यासमोर बसले.

“ही दोन बोटं मुडपून बांध. ब्रेकपर्यंत पोचायलाच नकोत.”

“आणि ब्रेक लागला तर?”

“चढताना कशाला लागतोय? उतरताना सोडीन.”

मी लेकीच्या गुडघ्याला बांधते तितक्याच जपून पट्टी गुंडाळली. बाबा सारखे घड्याळाकडे बघत होते.

“घाबरलात?”

“हट्!” ते म्हणाले. मग हळूच, “वाट दुसऱ्याची झाली, तर मी रविवारी उठायचं कशासाठी?”

लेकीने पट्टीवर फुंकर घातली.

फाटकाशी मॅडम त्यांची स्वतःची सायकल घेऊन उभ्या होत्या. “हाताला काय झालंय?”

“जुनी सवय झालीय, मॅडम. इलाज चालू आहे.”

बाबा निघाले. मागोमाग मॅडम. अर्ध्या चढावर बाबांचा डावा कोपर वर उचलला गेला. बांधलेली बोटं पट्टीत वळवळत असणार. सायकल डगमगली, मी लेकीचा हात घट्ट धरला.

“आजोबा, पाय मारा! पाय!” ती बेंबीच्या देठापासून ओरडली.

बाबांनी मान खाली घातली आणि पाय मारले. एक, दोन, दहा. चढणीच्या माथ्यावर त्यांचं टक्कल उन्हात चकाकलं, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

खाली आल्यावर मॅडम बूट झटकत म्हणाल्या, “माझा पाय दोनदा टेकला. तुमचा एकदाही नाही.” आणि त्यांनी फाटकाची किल्ली बाबांच्या हातावर ठेवली. बाबांनी दोन्ही हातांनी मॅडमचा हात धरून पंप मारल्यासारखा हलवला.

रविवारी सकाळी बाबा पहिल्यांदा सायकलवरून एकटे वर निघाले. पाठीला करवत, खिशात रंगाची डबी, डाव्या हाताला काही नाही. लेकीला घेऊन मी फाटकापर्यंत पोचवायला गेले. नाकाडी चढून ते वळणाआड गेले, आणि माझे कान आपसूक टवकारले. लहानपणी आईने मला शिकवलं होतं. गाडीचा आवाज खोल गेला, की बाबा ओढ्यात उतरले. इंजिन दोनदा खाकरलं, की खडकांपाशी. एकदम गप्प झालं, की पोचले माथ्यावर. घरात बसूनही आम्हाला बाबांचा सगळा डोंगर दिसायचा.

आता पानं वाजत होती. कुठलासा पक्षी सारखा एकच हाक मारत होता.

लेक माझं बोट ओढत होती.

“आई, सांग ना, आता आजोबा कुठपर्यंत पोचले?”