डाव्या डोळ्यावरचा तडा

सलग आठ सामने जिंकलेल्या गोलीच्या सामानाला हात लावायचा नाही, हे रेव्हन लेकसारख्या आइस हॉकीच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याचे पॅड जिथे टेकवलेले असतील तिथेच राहतात. आतला शर्ट आंबून वास मारायला लागला तरी तो कोणी धुवत नाही, आणि सामन्याच्या दिवशी त्याच्याशी आपण होऊन कोणी बोलत नाही. वेंडेल कोस्त्युक स्वतः गोली, म्हणजे गोलरक्षक. चार संघांच्या गोलात अकरा वर्षं उभं राहून पोट भरलेला. हे सगळे नियम त्याला तोंडपाठ होते, आणि या खुळचटपणाला आपणही इतकी वर्षं मान डोलावत आलो याचाच त्याला त्या आठवड्यात सगळ्यात जास्त संताप येत होता.

तडा त्याला रविवारी दिसला. राखीव गोलीचं काम काय, तर बाकावर बसायचं, खेळाडू आत-बाहेर करतील तसं दार उघडायचं आणि खेळ थांबला की पहिल्या गोलीला पाणी द्यायचं. एमरिक बूशार बाकापाशी आला, त्याने मास्क काढून वेंडेलच्या हातात दिला आणि बाटली तोंडाला लावली. मास्क आतून पुसायची तेवढी राखीव गोलीला मुभा असते. वेंडेल घाम टिपत होता, तेव्हा डाव्या डोळ्याच्या वरची स्पंजाची पट्टी सुटून त्याच्या बोटाला लागली. पट्टीखाली केसाएवढा तडा होता, कपाळापासून कानाकडे गेलेला. त्याने अंगठ्याने दाबून पाहिलं, तर कवच आत दबलं. बाहेरून काही कळायची सोय नव्हती. बाहेर कुदळ घेतलेल्या खाणकामगाराचं झकास रंगवलेलं चित्र होतं.

गोठवलेल्या रबराची चकती, म्हणजे पक, ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने त्या जागी बसली तर डोळ्याचं काय होईल, हे विचारायला डॉक्टरकडे जायची गरज नव्हती.

सामना संपल्यावर तो आधी अर्नीकडे गेला. अर्नी म्हणजे संघाचं सामान सांभाळणारा म्हातारा. स्केटला धार लावत बसला होता.

"मी नाही हात लावणार," अर्नीने मानही वर केली नाही. "मागे एकदा मी एका गोलीचा मोजा धुतला होता. अकरा सामने हरलो आम्ही. बायकोसुद्धा बोलेना माझ्याशी."

"अर्नी, मोजा नाही हा. डोकं आहे त्याचं."

"त्याचा दुसरा मास्क रंगाऱ्याकडे आहे. तो आला की बघू. आणि वेंडेल, तू हे जास्त बोलू नकोस. तुझ्या तोंडी बरं दिसत नाही."

का बरं दिसत नाही, ते दुसऱ्या दिवशी कोच हालोनेनने समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, कॉफी ढवळली आणि विचारलं, "या मोसमात किती सामने खेळलास तू?"

"चार."

"आणि नववा विजय तुला पाहिजे. असंच ना?"

वेंडेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोच, मला दार उघडायला लावा मोसम संपेपर्यंत. पण तो मास्क बदला."

"गुरुवारी मोठ्या लीगची दोन माणसं येतायत बूशारला बघायला. त्याच्या डोक्यात किडे सोडू नकोस. जा."

मग उरला खुद्द बूशार. चोवीस वर्षांचा, देखणा, नशीब फळफळायला आलेलं. वेंडेलने त्याला पार्किंगमध्ये गाठलं. "तुझ्या मास्कला आतून तडा गेलाय," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. कुठे, केवढा, हे सांगायच्या आतच बूशार उसळला.

"माझा मास्क चाचपत होतास तू? आठ सामने जिंकलोय मी, कोस्टी! एकोणतीस वर्षांचा घोडा झालास आणि अजून दुसऱ्याच्या गोलात डोळा तुझा!"

गाडीचं दार आपटून तो गेला. बुधवारी वेंडेलच्या जागेवर एक उकडलेलं अंडं ठेवलेलं होतं. त्यावर पेनाने तडा काढलेला, आणि खाली लिहिलं होतं, अर्नीला सांग. सगळी खोली खिदळत होती. वेंडेलने अंडं सोललं, मीठ मागितलं आणि सगळ्यांच्या देखत खाऊन टाकलं.

पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या कोणी हेच सांगितलं असतं, तर तासाभरात तो मास्क कचऱ्यात गेला असता. सांगणारा राखीव गोली होता, एवढ्यावरच तो तडा खोटा ठरला होता.

गुरुवारी सामना संध्याकाळी सातला. सकाळचा हलका सराव आटपला, पहिली फळी आंघोळीला गेली आणि नेहमीप्रमाणे वेंडेल मागे राहिला. ज्यांना संध्याकाळी खेळायचं नसतं त्यांचे फटके झेलायचे, हेही राखीव गोलीचंच काम. त्या दिवशी मागे राहिलेल्यांत कोल्टन रीमर होता. खांदा दुखावल्यामुळे दोन आठवडे बाहेर बसलेला, आणि संघात सगळ्यात जोरकस फटका त्याचाच.

वेंडेल पाणी प्यायला म्हणून खोलीत गेला. बूशारचा मास्क खुंटीला होता. त्याने तो सरळ काढला. कोपऱ्यात टेप गुंडाळत बसलेल्या दोघांनी ते पाहिलं आणि त्यांची तोंडं उघडीच राहिली. वेंडेलने आपला पांढरा, साधा मास्क त्या खुंटीला अडकवला, खाणकामगार आपल्या डोक्यावर चढवला आणि तो बर्फावर परतला.

गोलात उभा राहून त्याने काठीने वर आपल्या डोक्याकडे खूण केली. "रीमर, मार. इथे."

रीमर हसला. मग त्याने मास्क ओळखला आणि त्याचं हसू मावळलं. "वेड लागलंय का तुला? तो बूशचा आहे!"

"म्हणूनच म्हणतोय. मार."

"सरावात गोलीच्या डोक्यावर मारत नाहीत, कोस्टी. माझ्या बापाने मला चालायच्या आधी हे शिकवलंय."

"संध्याकाळी समोरचे कोणाच्या बापाला विचारून मारणार आहेत का? मार म्हणतो ना!"

रीमरने पक बाजूला ढकलला आणि काठीवर रेलून तो उभा राहिला. तेवढ्यात बूशार आला. ओले केस, अंगात बनियन, पायात घाईघाईने चढवलेले स्केट, नाड्या लोंबत होत्या. त्याच्या मागून दाराशी कोच आणि अर्नीसकट निम्मा संघ जमला.

"काढ तो!" बूशार किंचाळला. "आत्ताच्या आत्ता काढ!"

"ये ना, काढ येऊन."

"सामना आहे आज माझा, हरामखोरा! माझा!"

"तुझाच आहे ना मास्क? धड आहे ना? मग मार. बघू दे सगळ्यांना." वेंडेलचा आवाज चिरकत होता आणि त्याला त्याची पर्वा नव्हती. "तीनदा सांगितलं मी. तीन माणसांना. तुम्ही मला अंडं दिलंत. आता मार, नाहीतर सगळ्यांसमोर म्हण की तुझी छाती होत नाही."

बूशारने रीमरच्या हातातली काठी हिसकावली. गोली असला तरी त्याचा फटका चांगला होता, मागच्या वर्षी रिकाम्या गोलात त्याने अख्ख्या मैदानावरून गोल मारला होता. वीस फुटांवर तो थांबला, त्याने एकदा वेंडेलकडे नीट पाहिलं आणि फटका मारला.

आवाज सुकी फांदी मोडावी तसा झाला. वेंडेल गुडघ्यांवर आला. कवच डाव्या डोळ्याच्या वर उघडलं होतं आणि त्याची एक कपची भुवईत घुसली होती. बर्फावर रक्त ठिबकायला लागलं. त्याने मास्क काढला, त्या फटीतून दोन बोटं आरपार घालून वर धरली आणि दाराशी उभ्या असलेल्या सगळ्यांना दाखवली.

पहिला बोलला तो हालोनेन. "साला, सामन्याच्या दिवशी!"

दुसरा कोणीतरी म्हणाला, "इतक्या जवळून मारल्यावर कुठलाही मास्क फुटेल."

आणि मग सगळ्यांनी तेच धरलं. हो ना, वीस फूट म्हणजे काय, तोंडावरच. चांगला आठ सामने जिंकलेला मास्क फोडला याने. डोळ्यांत रक्त उतरलेल्या अवस्थेत वेंडेल ते ऐकत होता. हसावं की काठी घेऊन एकेकाला बडवावं, हे त्याला कळेना. बडवण्याइतकं त्राण नव्हतं म्हणून तो अर्नीचा हात धरून बाहेर पडला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नऊ टाके घातले. "अर्धं बोट खाली असतं, तर डोळा हातात आला असता," त्या म्हणाल्या. "दोन आठवडे खेळायचं नाव नको. कुठल्या संघाने केलं हे?"

"आमच्याच," वेंडेल म्हणाला.

तीनच्या सुमारास बूशार आला. अंगात सूट, गळ्यात टाय, सामन्याला निघतानाचा पोशाख. हातात वेंडेलचा पांढरा मास्क. तो खुर्चीत बसला आणि मास्क मांडीवर घेऊन गोल गोल फिरवायला लागला.

"दुखतंय?"

"तुला काय वाटतं?"

"कोस्टी, आज तुझा मास्क वापरू का? तू तर नाहीच खेळणार. अर्नीकडे एक जुना पडलाय, पण तो सैल होतो. हनुवटीखाली कापड कोंबावं लागतं."

वेंडेलने त्याच्याकडे रोखून पाहिलं. सकाळपासून एक गोष्ट त्याच्या डोक्यात ठणकत होती, टाक्यांपेक्षा जास्त. "बाहेर अख्खं चित्र होतं. तडा कुठे आहे ते मी तुला सांगितलंच नाही, तू सांगू दिलं नाहीस. मग बरोब्बर डाव्या डोळ्यावर कसा मारलास?"

बूशारचा हात थांबला.

"मला दिसला होता," तो म्हणाला. "तुझ्या आधी. सहाव्या सामन्यानंतर."

"आणि तरी मारलास?"

"मला वाटलं, तुझ्या डोक्यावर टिकला, तर माझ्याही टिकेल." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आजचाच दिवस काढायचा होता रे. ती दोन माणसं येणार होती. मला बघायचं होतं फक्त."

वेंडेल पलंगावरून उतरला. डोकं गरगरत होतं, पण आवाज ताळ्यावर होता आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. आजवर तो कित्येकांवर चिडला होता, पण इतका थंडपणे कधीच नाही.

"मास्क घे. पण आधी खोलीत जायचं, सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि हे सांगायचं. वेंडेल खरं बोलत होता आणि मला माहीत होतं. एवढंच."

"सामन्यानंतर सांगतो."

"आधी."

"कोस्टी, आधी सांगितलं तर कोच मला आज..." तो अडखळला. "ती माणसं फक्त आजच आहेत."

"आधी, बूशार."

बूशार उठला. मास्क त्याने खुर्चीवर ठेवला, अगदी अलगद, कुणाचं झोपलेलं मूल ठेवावं तसा. "मग राहू दे," म्हणाला आणि टाय सारखा करत निघून गेला.

वेंडेल त्या खुर्चीकडे बघत राहिला. जाऊ दे, घालू दे सैल मास्क. चार लोकांना आपण होऊन सांगितलं तर? कोण ऐकणार होतं? मत्सराने पिसाळलेला, म्हणतील, आणि वर आता डोक्यालाही मार लागलाय. त्याने मनातल्या मनात बूशारला त्याच्या आजोबांपर्यंत शिव्या घातल्या. मग त्याला तो सैल मास्क दिसायला लागला. पहिल्याच फटक्याला वर सरकलेला, हनुवटी उघडी, गळा उघडा. त्याने स्वतःलाही शिव्या घातल्या, मास्क उचलला आणि तो मोज्यांनिशी बाहेर धावला.

पार्किंगमध्ये बर्फ साचलं होतं. बूशार गाडी मागे घेत होता. वेंडेलने काचेवर मूठ आपटली. काच खाली आली, तसा त्याने मास्क आत फेकला, बूशारच्या मांडीवर.

"घे. आणि आभार मानलेस तर तोंड फोडीन."

बूशारने आभार मानले नाहीत. त्याने मास्क उलटा केला, आतली स्पंजाची पट्टी उचकटली आणि अंगठ्याने कवच दाबून पाहिलं.

"याला कुठे तडा नाही ना?"

वेंडेलचे पाय गारठून सुन्न झाले होते आणि भुवईवरच्या बँडेजखालून रक्ताचा एक ओघळ पुन्हा डोळ्याकडे उतरत होता.

"बघ की तूच," तो म्हणाला. "तुझे दोन्ही डोळे आहेत अजून."