शिट्टीनंतर

त्याने दोघांच्या मधून वाट काढली, उडी घेतली आणि चेंडू बोर्डाला लावून अलगद जाळीत सोडला. खाली उतरून वळला, तर बाकीचे नऊ जण जागच्या जागी उभे. कुणी कमरेवर हात ठेवले होते, कुणी वाकून बुटाची नाडी बांधत होता. पंच लांब ढांगा टाकत त्याच्याकडे येत होता आणि शिट्टी अजून त्याच्या ओठांतच होती.

"दोनदा वाजवली," पंच म्हणाला. "कप्तान असून हे वागणं?"

शिट्टीनंतर खेळत राहिला म्हणून तांत्रिक फाउल. समोरच्यांनी त्याचा एक गुण कमावला आणि सामना त्या एकाच गुणाने गेला. हंगामातला तिसरा सामना, तिसरी हार.

"तंद्रीत होतो," कपडे बदलताना तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. जरा जास्तच पटकन डोलावल्या, पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

सोळा वर्षं तो पत्रा कापायच्या प्रेसवर उभा होता. जाड आवाज अजून शाबूत होते: मालमोटारीचा घरघराट, मुकादमाच्या शिव्या, संघाच्या प्रशिक्षक सरांचा खर्जातला दम. बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग फोन, मग सहा वर्षांच्या लेकीचं बोलणं अर्धंमुर्धं. त्यांच्या रिकाम्या जागेत रातकिडे येऊन बसले, आणि ते दिवसाढवळ्याही गप्प बसत नसत.

"अहो, ऐकलंत का?" बायको म्हणे. लग्नानंतर बोलायची रीत म्हणून सुरू झालेली ही हाक आता खरोखरचा प्रश्न झाली होती. ती औषधांच्या दुकानात काम करी. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून घरी येई, आणि घरातला माणूस मात्र आपल्या दुखण्याकडे कानाडोळा करून बसलेला.

त्या संध्याकाळी ती त्याच्या अगदी समोर येऊन बसली.

"डॉक्टरांकडे कधी जायचं?"

"हंगाम संपला की."

"पंधरा सामने राहिलेत अजून."

"मोजून ठेवलेस?"

"तुम्ही नाही मोजले?"

त्याने मोजले होते. दहा संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ, पहिले दोन वरच्या गटात. नऊ वर्षं त्याचा संघ सहाव्या आणि आठव्या क्रमांकाच्या मध्ये लोंबकळत होता. कामावरून सुटून, शनिवार-रविवार घालवून खेळणारी ही माणसं. यंदा प्रथमच संघ बरा जमला होता आणि त्याला छत्तिसावं लागलं होतं. डॉक्टरांनी कागदावर काही लिहिलं की सर त्याला बाकावर बसवणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

"पंधरा," तो म्हणाला. "मग तू म्हणशील तिथे येतो."

मंगळवारी सरावाला सरांनी सगळ्यांना गोल उभं केलं. सर शाळेत भूगोल शिकवत आणि नकाशासमोर उभं असल्यासारखेच बोलत.

"आपण फार ओरडतो. पुढचा डाव समोरच्याला स्वतःच्या तोंडाने सांगून मग खेळतो. आजपासून कोर्टावर तोंड बंद. मूठ म्हणजे आत शिरा. उघडा पंजा म्हणजे बाहेर पसरा. छातीवर दोन बोटं म्हणजे चेंडू खांबाला. आणि शिट्टी झाली की पाचही जणांनी हात वर करून थांबायचं. पंच आपल्याला उद्धट समजायला लागलेत."

खांब म्हणजे त्यांचा सर्वांत उंच गडी. बेकरीत भट्टीवर काम करायचा आणि प्रत्येक दारातून वाकून यायचा. "सर, आता हातवारे करून खेळायचं? लोक म्हणतील नाटकमंडळी आली."

"म्हणू देत," सर म्हणाले.

कप्तानाच्या छातीवरचा दगड उतरला. त्याने मग त्या खुणांचा ध्यासच घेतला. सराव संपल्यावर तो सगळ्यांना आणखी अर्धा तास थांबवून घेई. जो तोंड उघडेल त्याला मैदानाला एक फेरी. खांबाने पहिल्या आठवड्यात एकोणीस फेऱ्या मारल्या. घरी जेवताना लेकही शिकली: पाण्याला मूठ, मिठाला दोन बोटं. बापाला पहिल्या फटक्यात कळतंय हे पाहून ती दिवसभर त्याच्याशी हातांनीच बोलू लागली.

चौथा सामना हरले. पाचवा जिंकले. मग सलग सहा. शिट्टी झाली की पाच हात वर जात. कप्तानाच्या नजरेच्या टप्प्यात कुठला ना कुठला हात असेच, आणि तो थांबे. पंचही खूश होते.

शेवटच्या सामन्याला एक आठवडा उरला होता. अकरा विजय पदरात होते, आणि बारावा मिळाला तर दुसरा क्रमांक. हंगामाच्या मध्यावर संघात आलेला एक जण, इस्पितळात एक्स-रे काढणारा, सरावाआधी कप्तानासमोर येऊन बसला.

"कप्तान, रागावणार नसाल तर बोलतो. आमच्याकडे कानाचं यंत्र बसवून देणाऱ्या एक बाई आहेत, हात चांगला आहे त्यांचा. सरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, शिट्टी झाली की तुमच्या डोळ्यांसमोर हात आला पाहिजे म्हणून. मला वाटलं, एकदा दाखवून तरी—"

तो थांबला. त्याच्या मागे खांब जोरजोरात मान हलवत होता.

कप्तानाने सगळ्यांकडे पाहिलं. कुणी बुटांत डोकं घातलं, कुणी पिशवीत.

"कधीपासून माहीत आहे?"

"गेल्या वर्षापासून," खांब म्हणाला. "मला आणि सरांना. बाकीच्यांना यंदा, त्या फाउलनंतर."

"म्हणजे अख्खा हंगाम माझी कीव करत खेळलात."

खांब उठून उभा राहिला. त्याला पुरतं उभं राहायला नेहमीच जरा वेळ लागे.

"कीव? अरे, कीव करून कुणी अकरा सामने जिंकतं का? नऊ वर्षांत जमलं नाही ते जमलंय. उद्या तू नीट ऐकायला लागलास तर आमचीच पंचाईत."

एक जण हसला. कप्तान हसला नाही. पिशवीची चेन ओढून तो निघून गेला.

गुरुवारी तो येईल असं कुणाला वाटत नव्हतं. सर दार उघडायला आले तेव्हा तो पायरीवर बसला होता.

"सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"कुणी?"

तो उठून बाजूला झाला. सरांनी कुलूप काढलं.

"तू सांगितलं असतंस तर मला तुला बसवावं लागलं असतं," ते म्हणाले. "म्हणून मीही ऐकू येत नसल्यासारखाच वागलो."

कप्तानाने आत जाऊन चेंडूंची जाळी सोडली. "आजपासून शिट्टीचे हात नकोत," तो म्हणाला. "ते मी पाहून घेतो. एक हात अडकून राहतो त्यात, परत पळायला उशीर होतो."

शेवटच्या सामन्याला सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सामना सुरू व्हायच्या आधी तो पंचाकडे गेला. तिसऱ्या सामन्यातलाच पंच.

"मला शिट्टी ऐकू येत नाही. मी खेळत राहिलो तर तो उद्धटपणा नव्हे. हात दाखवा, थांबेन."

आपला आवाज किती मोठा झालाय हे त्याला कळत नसे. दोन्ही संघांच्या बाकांनी ते ऐकलं, पहिल्या तीन रांगांनीही ऐकलं. पंचाने शिट्टी ओठांतून काढली.

"दाखवेन," तो म्हणाला.

समोरच्यांना वाटलं, आयतंच घबाड मिळालं. ते त्याच्या पाठीमागून येऊन चेंडू हिसकावू लागले, आणि मध्यंतराला नऊ गुणांनी पुढे गेले. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा अंतर तीनवर आलं होतं आणि प्रेक्षक उभे राहून खुर्च्या बडवत होते. समोरचा प्रशिक्षक गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता. त्याचे खेळाडू त्याच्याकडे वळून कानामागे हात धरत होते. काय? काय म्हणालात?

कप्तानाने ते पाहिलं. दोन श्वास तो नुसताच चेंडू आपटत राहिला. मग त्याने मूठ वर केली, आणि चार जण एकदम हलले.

चार गुणांनी जिंकले. खांबाने त्याला उचललं आणि तो बराच वेळ काहीतरी ओरडत राहिला. कप्तानाने त्याला दोनदा विचारलं, काय म्हणतोस? खांबाने मान हलवली. त्याचं त्यालाही ऐकू येत नव्हतं.

सोमवारी रजा टाकून तो बायकोबरोबर इस्पितळात गेला. तपासणीची खोली म्हणजे जाड दाराची एक पेटी. आत एक खुर्ची, कानांवर चढवायचे डबे, हातात धरायचं बटण. काचेपलीकडे यंत्र बसवून देणाऱ्या त्या बाई बसल्या. बारीक आवाज आला की बटण दाबायचं, इतकंच.

हे त्याला नवीन नव्हतं. कारखान्यात दरवर्षी अशीच तपासणी होई, आणि त्यात तो कधी नापास झाला नव्हता. तपासणारा कळ दाबताना त्याचा खांदा किंचित हले. खांदा हलला की बटण. प्रेसवरची जागा त्याने अशीच टिकवली होती. आता कागदावर खरं उतरलं तर ती जाणार, हेही त्याला पुरतं ठाऊक होतं.

काचेतून बाईंचा खांदा दिसत होता. कोपरही दिसत होतं. मनगटसुद्धा.

तो उठला. खुर्ची उचलून त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवली. बाई काही म्हणाल्या असाव्यात. तो बसला, बटणावर अंगठा ठेवला, आणि समोरच्या करड्या भिंतीकडे बघत वाट पाहू लागला.