माउलीपर्यंत अनवाणी

नवस बोलताना माणसाने जरा भानावर असावं. पण भानावर असलेला माणूस नवस बोलतच नाही, ही त्यातली अडचण.

चेन्साचं तसंच झालं. हिवाळ्यात तिच्या एकुलत्या एका मुलाचं, विस्तिनचं, अपेंडिक्स पोटातल्या पोटात फुटलं. डॉक्टर त्याला आत घेऊन गेले आणि दार लागलं. बाहेरच्या बाकावर बसून चेन्साने गोझो बेटावरच्या एकेका चर्चची आठवण काढली. या मातेकडे गुडघ्यांसाठी मागून झालं होतं, त्या संताकडे पावसासाठी, आणखी एकाकडे हरवलेल्या बांगडीसाठी. पुन्हा त्याच दारात हात पसरायचा म्हणजे तिला अवघडल्यासारखं झालं. तेव्हा तिला समुद्रातली मरियामाता आठवली. गावच्या कोळ्यांनी कोणे एके काळी मिठागराच्या खडकापुढे, तीन पुरुष खोल पाण्यात, दगडाची एक मूर्ती बसवली होती. तिच्याकडे चेन्साने जन्मात काही मागितलं नव्हतं.

“माझा विस्तिन हसत बाहेर येऊ दे,” चेन्सा पुटपुटली, “मी तुझ्यापर्यंत अनवाणी येईन.”

विस्तिन बाहेर आला तो गुंगीत, उलट्या करत आणि नर्सला शिव्या देत. पण आला. चेन्साने मेणबत्ती लावली, पोटभर रडून घेतलं, आणि तीन दिवसांनी सूप ढवळता ढवळता तिच्या लक्षात आलं, की आपण नक्की काय कबूल करून बसलोय.

तो खडक म्हणजे किसणी. उन्हा-पाण्याने खाऊन खाऊन त्याला अशी धार आली होती की कुत्रीसुद्धा जपून चालत. पाण्याच्या कडेला हिरवं शेवाळ, आणि शेवाळ संपलं की काळे काटेरी गोळे, समुद्रातली साळिंदरंच, कपारी-कपारीत दाटीवाटीने बसलेली. चेन्सा स्वतः पाण्यात जाई ती खडकाशेजारच्या बायकांच्या डोहात, गळ्यापर्यंत, डोक्यावर गवती हॅट घालून, गप्पा मारायला. तिने तोंड कधी पाण्याखाली घातलं नव्हतं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तिला मधुमेह होता. तळव्यांची संवेदना जवळजवळ गेलेली. काटा मोडला तरी कळायचं नाही, जखम चिघळली की मग कळायचं. सून ग्रात्सिएला रोज संध्याकाळी तिचे पाय मांडीवर घेऊन हातातल्या आरशाने तळवे तपासायची. घरातल्या फरशीवरसुद्धा सपातांशिवाय पाऊल टाकायची सोय नव्हती.

ग्रात्सिएलाचा पहारा एकट्या सासूवर नव्हता. विस्तिन लहानपणापासून पाण्यातला. पण टाके पडल्यापासून त्याला तिने घोट्यापलीकडे समुद्रात जाऊ दिलं नव्हतं. डॉक्टरांनी जूनमध्येच परवानगी दिली होती, ग्रात्सिएलाने दिली नव्हती. त्यामुळे तो उन्हाळाभर फुगलेल्या पावासारखं तोंड करून हिंडत होता. चेन्साला ते टोचायचं. मुलगा मिळाला, पण नवसातलं हसू अजून यायचंच होतं.

नेमकं हेच गावच्या चर्चच्या फादर ज्वाकिननी हेरलं. नवस माफ करायचा अधिकार मला आहे, असं त्यांनी तिला बसवून सांगितलं. शिवाय मुलगा हसत आला कुठे? शिव्या देत आला. म्हणजे अट पुरी झालीच नाही, नवस लागूच होत नाही. चेन्सा म्हणाली, माउलीशी मी भाजीवालीशी करावी तशी घासाघीस करायची का? तेव्हा फादरनी दुसरा मार्ग काढला, की नवसाच्या बदली गरिबांना पाव वाटावेत.

“फादर, मी मुलगा मागितला तेव्हा तिने मला पाव दिला का?” चेन्सा म्हणाली.

फादर कीर्तिवंत वक्ते होते, त्यांचं प्रवचन ऐकायला पलीकडच्या गावातून माणसं येत. पण आता तेही एवढंच म्हणाले, की बाई, जाल तेव्हा तिला माझाही नमस्कार सांगा.

घरी या प्रकरणावर आठवडाभर भांडीकुंडी आपटली. शेवटी ग्रात्सिएलाने सासूला साल्वूच्या दुकानात नेलं. जायचंच असेल तर पायात नीट काहीतरी घालून जा, नवसाचं नंतर बघू, हा तिचा हिशेब. ऑगस्टमधल्या सांता मारियाच्या सणानंतर समुद्र फिरतो, लाटा वाढतात, आणि सण जवळ आला होता.

साल्वूकडे गळापासून मेणबत्तीपर्यंत सगळं मिळे. त्याची एक खोड होती. दुकानामागच्या अंगणात त्याने पाण्याने भरलेली एक मोठी परात ठेवली होती, तळाशी खडकाचे तुकडे. त्यात उभं राहिल्याशिवाय तो कुणाला समुद्रातले बूट विकत नसे.

ग्रात्सिएलाने पहिल्यांदा निळे, मोज्यासारखे मऊ बूट उचलले. साल्वूने त्यांचा तळ पुरणपोळीसारखा दुमडून दाखवला. मग खिडकीतल्या बाटलीतून एक वाळका काळा काटा काढला आणि तळातून आरपार घातला. हे वाळूसाठी, म्हणाला. मग चेन्साने प्लास्टिकच्या पट्ट्यांचे सँडल दाखवले, गावातली निम्मी माणसं तेच घालतात म्हणून. साल्वूने मान हलवली. त्यांच्या फटींतून खडे आत शिरतात, पट्टी घासते, आणि ज्या पायाला कळत नाही त्याचं सालटं निघालेलं घरी गेल्यावरच दिसतं. शेवटी त्याने खालच्या फळीवरून घोट्यापर्यंतचे काळे बूट काढले. जाड तळ, पुढे बोटांवर कडक टोपी, बाजूला चेन.

“मावशी, हे कोरडे असताना अंगासरशी बसले पाहिजेत,” साल्वू म्हणाला. “ओले झाले की सैल पडतात, आणि सैल बूट समुद्र काढून नेतो.”

पण घट्ट आहेत की रुततायत, हे चेन्साच्या पायाला कुठून कळणार? तेव्हा तिला परातीत उभं करून ग्रात्सिएलाने साल्वूबरोबर त्याच्या आईच्या दम्याची सगळी चौकशी केली, मग बूट उतरवून पायावर लाल वळ उठलेत का ते पाहिलं. पहिल्या जोडीने उठले. दुसऱ्या, एका नंबरने मोठ्या जोडीने नाही.

मग पाण्याखाली बघायचा, डोळे-नाक झाकणारा मास्क. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा, हात सोडायचा; पडला नाही तर तो आपला. चेन्साच्या नाकावरून तीन मास्क घसरले. हे नाक आमच्या ह्यांच्या घराण्याचं नाही, माझ्या बापाचं आहे, आणि त्याला अजून कुणी झाकू शकलं नाही, असं ती म्हणेपर्यंत चौथा असा चिकटला की काढायला साल्वूला बोट घालावं लागलं. फिनचं तिने नावच काढू दिलं नाही. बदकाचे पाय लावून गेले तर माउली मला ओळखेल का, म्हणाली. मग ठरलं, की ग्रात्सिएला तिला नारिंगी तरंगत्या फुग्याला धरून ओढत नेईल.

श्वासाची नळी हातात घेऊन चेन्साने विचारलं, की हिच्यातून बोलता येतं का? साल्वू म्हणाला नाही, फक्त श्वास.

“आणि गायचं असेल तर?”

हे साल्वूला आजवर कुणी विचारलं नव्हतं. चेन्साने नळी दातांत धरली आणि मरियेच्या नामावळीची चाल गुणगुणली. गल्ल्यावर झोपलेलं मांजर उठून निघून गेलं. पण सूर येत होता.

तिचा चेहरा मात्र उतरलेलाच होता. तिची नजर बुटांवर होती. ते समोर होते, चांगले होते, आणि ते घातले की नवस मोडत होता. काहीतरी बोलायचं म्हणून साल्वू बोलला, की मावशी, एवढं काय मनावर घेता, बूट लागतात ते खडकावर. खोल पाण्यात गेलात की तळवा कशाला टेकतोय?

चेन्साने मान वर केली.

“मग तिथे ते कशाला हवेत?” ती म्हणाली. “मी काय खडकाला नवस बोलले होते? मी तिला बोलले. खडकापर्यंत बुटात जाईन. तिच्यापुढे अनवाणी.”

ग्रात्सिएलाने मनात हिशेब केला. यात तळव्यांना धोका नव्हता. धोका एवढाच होता, की परतताना तरंगत्या स्थितीत बूट पुन्हा चढवायचे. म्हणून तर चेन बरी. त्या आठवड्यात चेन्साने बायकांच्या डोहात रोज सराव केला. पाठीवर तरंगत एक पाय वर, ग्रात्सिएलाच्या हातात चेन, आणि भोवती गवती हॅटांचं कोंडाळं. कुणी विचारलं, चेन्सा, लग्न ठरलं का गं तुझं? चेन्सा म्हणाली, हो, पण नवरा बूट काढल्याशिवाय घरात घेत नाही.

सणाच्या आधी वारा पडलेला एक दिवस मिळाला. चेन्सा काळा, लांब बाह्यांचा पोहायचा पोशाख घालून, मास्कवरून गवती हॅट बांधून खडक उतरली. बुटांनी शेवाळ घट्ट धरलं. विस्तिन टॉवेल आणि तेल-टोमॅटो लावलेल्या पावांचा डबा सांभाळत वर बसला. त्याला कामच तेवढं दिलेलं होतं.

पाण्यात पहिल्यांदा तोंड घातल्यावर चेन्साचा श्वास अडला. तिने नळीवर दात रोवले, फुग्याची दोरी आवळली. मग कानांत आपलाच श्वास ऐकू यायला लागला, शांत, झोपलेल्या बाळासारखा, आणि तिने डोळे उघडले. खाली उन्हाच्या जाळ्या हलत होत्या. काळे काटेरी गोळे आपापल्या जागी बसले होते आणि ती त्यांच्यावरून उडत चालली होती. पुढे हिरव्या गवताचं शेत झुललं, गवत सरलं, वाळू आली, आणि वाळूत ती उभी होती.

चेन्साला वाटली होती त्याहून लहान. नाकावर शेवाळ, एका हाताची बोटं झिजलेली, आणि पदराच्या घडीत दोन छोटे मासे ये-जा करत होते. चेन्साने पाय हलवून खूण केली. ग्रात्सिएलाने एक चेन ओढली, बूट फुग्याला बांधला. दुसरी ओढली. चेन्सा पाय सैल सोडून, तळवे उघडे टाकून, माउलीच्या बरोबर डोक्यावर तरंगत राहिली आणि तिने नामावळी धरली.

वर तो आवाज धुक्यातल्या बोटीच्या भोंग्यासारखा आला. डोहातल्या बायका आधी हसल्या. मग चाल ओळखली आणि हसणं थांबलं. एकीने हलकेच प्रतिसादाची ओळ उचलली, दुसऱ्या ओळीला सगळ्याच होत्या. पाण्यातून नळी एक नाव घेई, खडकाकडून उत्तर येई.

इतक्यात ग्रात्सिएलाच्या ओल्या बोटांतून दुसरा बूट निसटला. तो डुलत डुलत खाली गेला आणि मरियामातेच्या पायांशी जाऊन टेकला.

ग्रात्सिएलाने बुडी मारली. ती बुचासारखी वर आली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. एका बुटावर किसणीसारखा खडक चढायचा नव्हता, आणि अनवाणी पायाने सासूला तिने किनाऱ्यावर पाऊल टाकू दिलं नसतं. तिने खडकाकडे पाहिलं. विस्तिन उभा राहिला होता. शर्ट काढलेला, पोटावर टाक्यांची गुलाबी रेघ, आणि पायाची बोटं खडकाच्या काठाबाहेर. पण उडी घेत नव्हता. बायकोच्या शब्दाची वाट बघत होता.

“एकदाच,” ग्रात्सिएला ओरडली. “आणि कान दुखले तर तसाच वर ये.”

चेन्साने ते ऐकलं नाही. तिला एवढंच दिसलं, की उजवीकडून काहीतरी पांढऱ्या बुडबुड्यांचं आलं आणि त्यातून आपला मुलगा निघाला. तो सहज, घरच्या जिन्यावरून उतरावा तसा खाली गेला. त्याने बूट उचलला, दुसऱ्या हाताने दगडाच्या खांद्याला स्पर्श केला आणि वर पाहिलं.

वर त्याला त्याची आई दिसली. काळी, फुगलेली, डोक्यावर हॅट, तोंडात नळी, आणि दोन रुंद अनवाणी तळवे आभाळाखाली पसरलेले.

त्याच्या तोंडातून बुडबुड्यांचा लोटच निघाला. बुडबुडे आधी वर पोहोचले, मागून तो. ठसकत, नाकातून पाणी गाळत, आणि हसत. त्याला थांबताच येईना. बूट डोक्यावर धरून तो हसत राहिला, आणि ग्रात्सिएला त्याला गप्प करता करता स्वतःच फुग्यावर पडून हसायला लागली.

चेन्साने तोंड वर काढलं, नळी बाजूला केली. मुलाकडे नीट, पुरतं पाहून घेतलं.

“हसू पोचलं,” तिने खाली बघून म्हटलं. “फादर ज्वाकिनचाही नमस्कार आहे.”

विस्तिनने तिचा पाय हातात घेतला, बूट चढवायला. तिने तो ओढून घेतला.

“थांब रे जरा,” ती म्हणाली. “अर्धी नामावळी राहिलीय.” आणि नळी दातांत धरून तिने तोंड पुन्हा पाण्यात घातलं.